नवी इमारत, जुना रस्ता : वाहतुकीचा हिशेब कोणी मांडायचा?

अमरावतीहून निघालेला रस्ता मोर्शीतून पुढे वरुड आणि पांढुर्ण्याकडे जातो. मोर्शीतूनच एक वाट चांदूर बाजार-परतवाड्याकडे, दुसरी अप्पर वर्धा धरणाच्या बाजूने आष्टीकडे आणि तिसरी सालबर्डीकडे फुटते. तालुक्याचा सगळा व्यवहार या तीन-चार रस्त्यांवर चालतो. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की ट्रक, आयशर आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. मृग बहाराची संत्री निघतात तेव्हा उन्हाळा आणि लग्नसराई दारात असते. महाशिवरात्रीला सालबर्डीची यात्रा भरते. त्या दिवसांत हेच रस्ते एरवीच्या कितीतरी पट ओझे वाहतात.

याच रस्त्यांच्या कडेला दरवर्षी नवे काही ना काही उभे राहते. मंगल कार्यालय, इंग्रजी शाळा, पेट्रोल पंप, दवाखाना, संत्र्याचे ग्रेडिंग-वॅक्सिंग करणारे शेड, नवे ले-आउट. परवानगी देताना प्रत्येकाला जागेचा सातबारा, नकाशा, मोकळी सोडायची जागा, मजल्यांची उंची आणि आगीपासूनची सोय विचारली जाते. इथे रोज किती माणसे आणि किती गाड्या येतील, कोणत्या वेळी येतील, त्या रस्त्यावर कुठून वळतील आणि समोरच्या पोरांनी रस्ता कसा ओलांडायचा, हे मात्र बहुतेक वेळा विचारलेच जात नाही. या प्रश्नांची उत्तरे बांधकामाआधी, कागदावर आणि आकड्यांत मागणे म्हणजे वाहतूक परिणाम मूल्यांकन. मोठ्या शहरांत ते थोडेबहुत होते. मोर्शीच्या आकाराच्या गावांसाठी त्याचे नियम कोणी अजून नीट लिहिलेले नाहीत. या प्रश्नाचा देशातला आणि बाहेरचा आजवरचा प्रवास पाहिला, तर ते कसे लिहिता येतील याचा अंदाज येतो.

कायद्यात आज काय आहे

महाराष्ट्रातील नगररचनेचा मूळ कायदा 1966 चा, प्रादेशिक व नगररचना अधिनियम. विकास आराखडा, त्यातले रस्ते, आरक्षणे आणि बांधकाम परवानगी हे सारे त्याच्या आधारे चालते. डिसेंबर 2020 मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर ती राज्यभर चालते, म्हणजे मोर्शी नगरपरिषदेलाही. या नियमावलीत रस्त्याच्या वाहतुकीशी नाते सांगणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, समोरचा रस्ता जितका रुंद तितके बांधकाम जास्त. दुसरी, वापरानुसार चारचाकी आणि दुचाकी उभ्या करायला किती जागा ठेवायची याचे कोष्टक. त्यात लहान शहरांसाठी कमी गुणक आहे.

दोन्ही तरतुदी गरजेच्या आहेत, आणि दोन्ही अपुऱ्या. रस्त्याची रुंदी मोजली जाते, पण त्यावर आज किती वाहतूक आहे हे मोजले जात नाही. बारा मीटरचा रिकामा रस्ता आणि बारा मीटरचाच बाजारातला रस्ता नियमावलीला सारखेच दिसतात. पार्किंगचे कोष्टक गाडी उभी राहिल्यावरचा विचार करते. ती येताना आणि बाहेर पडताना काय होते, याचा नाही. कोपऱ्यावरच्या प्लॉटचे फाटक चौकापासून चार पावलांवर ठेवले, तरी आत पुरेशी जागा दाखवली की कोष्टक समाधानी.

वाहतुकीचा थेट उल्लेख सापडतो तो पर्यावरणाच्या दालनात. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटर बांधकाम किंवा 50 हेक्टर क्षेत्र ओलांडले की प्रकल्प वसाहतीच्या वरच्या गटात जातो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2019 मध्ये मंजुरीच्या प्रमाणित अटी काढल्या. त्यांत प्रकल्पाभोवतीच्या पाच किलोमीटर परिघातील रस्त्यांची सेवा-पातळी (वाहतूक किती सुरळीत चालते त्याचे माप) टिकावी आणि सुधारावी असा वाहतूक आराखडा मागितला आहे. अट भरभक्कम आहे. पण 20,000 चौरस मीटरची एकच इमारत मोर्शीत कधी उभी राहणार? म्हणजे ही अट तालुक्याच्या गावात कागदावरसुद्धा उतरत नाही.

राष्ट्रीय महामार्गालगतच्या जागांसाठी वेगळी वाट आहे. 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन व वाहतूक) अधिनियमानुसार महामार्गावर उघडणाऱ्या प्रवेशमार्गाला परवानगी लागते. पेट्रोल पंप आणि खासगी मालमत्तांच्या प्रवेशाचे निकष केंद्राने 2003 मध्ये दिले आणि 2020 मध्ये सुधारले. भारतीय रस्ते काँग्रेसचा संकेत असा की मोकळ्या सपाट भागात महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा असावी. पण हे नियम एकेका फाटकाकडे पाहतात. अर्ध्या किलोमीटरमध्ये पंप, ढाबा, शाळा आणि शेड अशी फाटके ओळीने झाली, तर त्यांच्या बेरजेचा हिशेब यांत होत नाही.

त्यात रस्त्यांच्या मालकीची फाळणी. एक रस्ता राष्ट्रीय महामार्ग विभागाचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तिसरा जिल्हा परिषदेचा, गावातला नगरपरिषदेचा आणि शेताकडे जाणारी पांदण महसुलाच्या नकाशावर. इमारतीला परवानगी देणारा एक, रस्त्याचा धनी दुसरा आणि वाहतूक सांभाळणारा पोलीस तिसरा. अपघात झाला की तिघेही पंचनाम्याला भेटतात. नकाशा मंजूर होताना मात्र एका टेबलाशी बसत नाहीत.

मुंबई, पुणे, दिल्ली

हिशेब न मांडल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांच्या जागी 1990 नंतर कार्यालये, मॉल आणि मनोरे आले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमातील 58 क्रमांकाच्या कलमावरून गिरण्यांच्या जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2006 मध्ये निकाल लागला. त्या वादात चर्चा झाली ती मुख्यतः मोकळी जागा, म्हाडाची घरे आणि मालकांचा वाटा यांची. हजारो नोकरदार रोज कोणत्या स्थानकावर उतरतील आणि कोणत्या जिन्याने चढतील, हा प्रश्न मागे राहिला. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. परिसराचे रूप पालटले होते आणि पूल जुन्याच मापाचा होता. वाहतूक म्हणजे फक्त गाड्या, असे समजणाऱ्यांनी हा पूल विसरू नये.

पुण्याजवळच्या हिंजवडीचे दुखणे वेगळे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या आत नियोजन औद्योगिक विकास महामंडळाचे, भोवती ग्रामपंचायती आणि महानगर प्रदेश प्राधिकरण, तर येण्याजाण्याचा रस्ता वाकडकडून, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतून. आत रुंद रस्ते आणि बाहेर चिंचोळ्या वाटा. शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रोचे काम हाती घेतले गेले ते कोंडी बदनाम होऊन बरीच वर्षे लोटल्यावर. इथे कोणाही एकाने नियम मोडला असे म्हणता येत नाही. बेरीज करायची जबाबदारीच कोणाकडे नव्हती.

दिल्लीत 2008 मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाअंतर्गत वाहतूक व परिवहन पायाभूत सुविधांसाठी एकत्रित केंद्र उभे राहिले. रस्त्यांशी संबंधित वेगवेगळ्या संस्था तिथे एका मेजावर आल्या आणि मोठ्या प्रकल्पांचे वाहतूक आराखडे तिथे तपासले जाऊ लागले. दिल्लीची कोंडी त्याने सुटली नाही. पण तपासणीला एक पत्ता मिळाला, हा धडा घेण्यासारखा आहे. देशपातळीवर 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने गाड्यांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानली. भारतीय परिस्थितीवर बेतलेली रस्ते-क्षमतेची पुस्तिका 2017 मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने दिली. साधने म्हणून हे सगळे हाताशी आहे. ती वापरायला लावणारा नियम मात्र महानगरांपुरता, आणि तिथेही तुटक.

बाहेरच्या जगाने काय शिकवले

ब्रिटनमध्ये 1963 साली कॉलिन ब्युकॅनन यांचा शहरांतील वाहतुकीवरचा अहवाल आला. एखाद्या रस्त्यावरून किती गाड्या जाऊ शकतात हा एक प्रश्न. तिथे राहणाऱ्यांना सुसह्य वाटतील अशा किती, हा दुसरा. ब्युकॅनन यांनी दुसऱ्या प्रश्नाला नियोजनात जागा मिळवून दिली. पुढे 1994 मध्ये तिथल्या महामार्ग अभियंत्यांच्या संस्थेने मूल्यांकनाची मार्गदर्शिका काढली. तिचा उंबरठा सोपा होता. नव्या विकासामुळे लगतच्या रस्त्यावरची वाहतूक 10 टक्क्यांनी वाढत असेल तर मूल्यांकन करा. रस्ता आधीच कोंडलेला असेल तर 5 टक्के पुरेत. 2007 मध्ये तिथल्या परिवहन विभागाने सविस्तर मार्गदर्शन दिले आणि 2014 मध्ये नियोजनाचे नियम आटोपशीर करताना ते मागेही घेतले. नियम वाढत गेले की ते छाटावे लागतात, हेही ब्रिटनकडूनच शिकावे.

अमेरिकेत परिवहन अभियंत्यांच्या संस्थेची फेऱ्यांच्या अंदाजाची पुस्तिका 1976 पासून निघते. अमुक इतके दुकान म्हणजे तासाला अमुक इतक्या फेऱ्या, असे तिचे स्वरूप. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डोनाल्ड शूप यांनी तिच्यातील दशांश चिन्हापर्यंतच्या अचूकतेवर बोट ठेवले. आकडे फुकट पार्किंगच्या उपनगरांतून गोळा झालेले, नमुने थोडे, आणि तेच आकडे सगळीकडे शास्त्र म्हणून वापरलेले. अशी पुस्तिका जशीच्या तशी इथे आणली, तर काळी-पिवळी, ऑटो, एसटी आणि एका दुचाकीवर तिघे जाणाऱ्या गावाचा अंदाज चुकणारच.

वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला संत्र्यामुळे विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. खऱ्या कॅलिफोर्नियाने या प्रश्नात घेतलेले वळण म्हणूनच इथे सांगण्यासारखे आहे. तिथे वर्षानुवर्षे चौकात गाडीचा किती वेळ जातो यावर परिणाम मोजला जाई. त्यातून एक विचित्र गोष्ट घडली. गावाच्या मध्यात, बस आणि रेल्वेजवळ घरे बांधणारा अडचणीत येई, कारण तिथले चौक आधीच भरलेले. दूर शेतात वसाहत टाकणारा सुटे, कारण तिथला चौक रिकामा. उपाय म्हणून रस्ते रुंद करायचे आणि पायी चालणाऱ्यांची वाट आखडायची. 2013 च्या कायद्याने हे माप बदलायचे ठरले आणि 1 जुलै 2020 पासून पर्यावरण तपासणीत राज्यभर नवे माप आले : त्या विकासामुळे गाड्यांचा एकूण प्रवास किती वाढेल. म्हणजे माप चुकीचे धरले तर नियम काटेकोर पाळूनही गाव चुकीच्या दिशेने वाढते.

मोर्शीच्या मापाचे गणित

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा गावाबाहेर, रस्त्याला लागून 1,500 चौरस मीटरचे मंगल कार्यालय झाले आणि एका लग्नाला 800 पाहुणे आले. पाव हिस्सा कारने, एका कारमध्ये चौघे : 50 कार. निम्मे दुचाकीवर, दोघे-दोघे : 200 दुचाकी. उरलेले दोनशे जण पाच बसगाड्यांतून. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1990 च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचे कारच्या पटीत माप दिले आहे. त्याला पीसीयू म्हणतात. दुचाकींचे प्रमाण जास्त असेल तिथे दुचाकीला 0.75 धरतात, बसला 2.2 किंवा अधिक. एकूण झाले 210 च्या घरात. मुहूर्ताच्या आधीच्या एका तासात यातले बहुतेक येतात. आणि याच मार्गदर्शिकेत, दोन्ही बाजूंना दुकाने, उभ्या गाड्या आणि आडवी ये-जा असलेल्या दुपदरी रस्त्याचे तासाचे माप 900 पीसीयू आहे.

म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या उंबरठ्याच्या तेराव्या हिश्श्याइतकी लहान इमारत रस्त्याच्या मापाचा जवळपास पाव वाटा एकटी खाते. ब्रिटनच्या 1994 च्या उंबरठ्यावर ती सहज अडकली असती. आपल्याकडे ती कुठेच अडकत नाही. हिशेबात अजून वरात धरलेली नाही, रस्त्यावर थांबून लागणारे फटाके धरलेले नाहीत, आणि त्याच तिथीला पलीकडच्या कार्यालयात असलेले दुसरे लग्न तर नाहीच.

संत्र्याच्या हंगामाचेही तसेच. त्याच मार्गदर्शिकेत ट्रॅक्टर-ट्रॉलीला 4 ते 5 पीसीयू आहेत. ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत तिला 4.5 आणि बैलगाडीला 8. एक ट्रॉली रस्त्याच्या कडेच्या शेडमध्ये वळायला थांबली, तर मागे चार-पाच कारइतकी जागा अडते, आणि शेडच्या आत जागा नसेल तर रांग रस्त्यावर येते. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात संत्रा प्रक्रिया केंद्रांसाठी नागपूर, काटोल, कळमेश्वर, बुलढाण्यासोबत मोर्शीचेही नाव होते. प्रक्रिया उद्योग यावा ही बागाईतदारांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण तोडीच्या ऐन दिवसांत अशा केंद्राकडे येणारी वाहने कोणत्या रस्त्याने येणार, कुठे उभी राहणार आणि परतीचा ट्रक कुठे वळणार, हे कुंपण घालण्याआधी ठरले तर स्वस्त पडते. याच तालुक्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. महानुभावांचे हे तीर्थ. तिथे आता विद्यार्थीही येणार. त्यांची भिस्त एसटीवर असेल, तर तिथला पहिला प्रश्न पार्किंगचा नसून थांब्याचा, वेळापत्रकाचा आणि थांब्यापासून वर्गापर्यंतच्या पायवाटेचा आहे.

मार्गदर्शिका लिहायची तर

पहिली गोष्ट उंबरठ्याची. तो चौरस मीटरवर न ठेवता फेऱ्यांवर आणि रस्त्यावर ठेवावा. ऐन गर्दीच्या तासात लगतच्या रस्त्यावरच्या वाहतुकीत दहा टक्के भर पडत असेल, फाटक महामार्गावर किंवा चौकालगत उघडत असेल, किंवा वापर शाळा, मंगल कार्यालय, दवाखाना, पंप, गोदाम यांपैकी असेल, तर तपासणी व्हावी.

दुसरी, तपासणीच्या पायऱ्या. दहा दुकानांच्या गाळ्यांना आणि पाचशे घरांच्या ले-आउटला एकच जाडजूड अहवाल मागणे अन्यायाचे होईल. लहान विकासासाठी दोन पानांचा ठरावीक तक्ता पुरे : येणारी माणसे, वाहने, वेळ, फाटकाची जागा, आत वळायची सोय, पायी येणाऱ्यांची वाट. मध्यम विकासासाठी एका चौकाची प्रत्यक्ष मोजणी. सविस्तर अहवाल फक्त मोठ्यांना.

तिसरी, मोजणीचा दिवस. वर्षाची सरासरी काढली तर मोर्शीत सगळे सुरळीत दिसेल. मोजणी बाजाराच्या दिवशी, तोडीच्या हंगामात, लग्नाच्या तिथीला आणि शाळा सुटायच्या वेळी झाली पाहिजे. जून-जुलैत मोजलेला संत्रापट्ट्यातला रस्ता काहीच सांगत नाही.

चौथी, बेरीज. मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या इमारतींची वाहतूकही हिशेबात धरावी. त्यासाठी नगरपरिषदेने एक नकाशा ठेवावा आणि दिलेली प्रत्येक परवानगी त्यावर नोंदवावी. शेजारच्या ग्रामपंचायत हद्दीतल्या परवानग्याही त्यात याव्यात, कारण गावाची वाढ हद्दीच्या दगडाशी थांबत नाही.

पाचवी, माप. गाडीला किती सेकंद थांबावे लागले एवढेच न पाहता, शाळेतले पोर आणि काठी टेकत जाणारे म्हातारे माणूस रस्ता कसा ओलांडेल, सायकल कुठून जाईल, एसटी कुठे थांबेल, रुग्णवाहिका अडेल का, हे विचारावे. कॅलिफोर्नियाला हे उमगायला काही दशके लागली; आपल्याला ते फुकट शिकता येते.

सहावी, पैसा. 1992 च्या दुरुस्तीने नगररचना अधिनियमात विकास शुल्काचे प्रकरण आले, आणि परवानगी घेणारा ते भरतोच. ज्या विकासामुळे चौकात बदल करावा लागतो, त्याच्या शुल्कातला ठरावीक वाटा त्याच चौकावर आणि ठरावीक मुदतीत खर्च व्हावा. बांधणाऱ्यालाही मग आपण कशासाठी पैसे दिले ते दिसेल.

सातवी, तपासणारा. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे पैसे बांधणारा देत असेल, तर अहवाल त्याच्या बाजूने झुकण्याची भीती असतेच. म्हणून मोजणीचे आकडे आणि अहवाल नगरपरिषदेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावेत. नगर रचना कार्यालय, रस्त्याचे मालक खाते, वाहतूक पोलीस आणि एसटीचे आगार यांची महिन्यातून एक संयुक्त बैठक व्हावी. इमारत सुरू झाल्यावर वर्षभराने पुन्हा मोजणी व्हावी आणि दिलेला अंदाज खरा ठरला का ते पाहावे. आपल्याकडे अंदाज पुष्कळ होतात, पडताळणी क्वचित.

आक्षेपांचे काय?

आणखी एक दाखला, आणखी एक टेबल, आणखी एक चहापाणी, अशी भीती बांधकाम करणाऱ्यांना वाटेल, आणि ती खोटी नाही. म्हणूनच लहानांसाठी दोन पाने आणि उत्तराला ठरावीक मुदत हवी. मुदतीत हरकत आली नाही तर तक्ता मान्य समजावा. दुसरा आक्षेप नगरपरिषदांचा : मनुष्यबळ नाही. तो खरा आहे. बहुतेक लहान नगरपरिषदांकडे वाहतूक अभियंता नसतो. पण चौकात उभे राहून वाहने मोजायला अभियंता लागत नाही. अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील स्थापत्य शाखेची मुले हे काम प्रकल्प म्हणून करू शकतात. तिसरा आक्षेप असा की असे नियम गावाची वाढ रोखतील. पण मूल्यांकनाचा निष्कर्ष क्वचितच 'बांधू नका' असा असतो. फाटक मागच्या रस्त्यावर घ्या, ट्रॉलीला आत वळायला जागा ठेवा, शाळेची वेळ पंधरा मिनिटे सरकवा, असाच तो बहुधा असतो. इमारत कागदावर असताना हे बदल रेघ ओढण्याइतके सोपे असतात. स्लॅब पडल्यावर ते अशक्य होतात.

हे सारे करायला नवा कायदा लागत नाही. एकत्रित नियमावलीत फेरबदल करण्याचा आणि नियोजन प्राधिकरणांना निर्देश देण्याचा अधिकार 1966 च्या अधिनियमाने राज्याला दिलेला आहे. 37 आणि 154 ही त्याची कलमे. एक छोटे प्रकरण जोडले तर काम भागते. महानगरांसाठी मोठी मार्गदर्शिका स्वतंत्रपणे होऊ द्या. तोवर नगरपरिषदांसाठी दोन पानांचा तक्ता नगरविकास विभागाने आधी काढावा, आणि मोर्शी-वरुडसारख्या, हंगामावर चालणाऱ्या गावांत तो पहिल्यांदा वापरून पाहावा. तो निघेपर्यंत नगरपरिषदेच्या सभेत पुढचा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा नगरसेवकांनी एकच प्रश्न विचारावा : इथे येणारी गाडी कुठून वळणार? त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले, तरी सुरुवात झाली.